मस्कतहून आलेले सिको फाइव्ह ऑटोमॅटिक : वय, कुळी आणि पुरात डागाळलेली डायल

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या दिवंगत वडिलांचे सिको फाइव्ह ऑटोमॅटिक हे मनगटी घड्याळ आता माझ्याकडे आले आहे आणि त्याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. वडील १९७७ ते १९९० या काळात मस्कतला एका बांधकाम कंपनीत फोरमन होते. सुट्टीवर सांगलीला येण्याच्या कोणत्या तरी एका फेरीत हे घड्याळ त्यांच्या हातावर आले, पण ती फेरी पहिल्यांपैकी होती की अखेरची, हे आईला आता सांगता येत नाही. पावती किंवा गॅरंटी कार्ड घरात सापडलेले नाही.

घड्याळाची केस स्टीलची, उशीसारखा बाक असलेली आहे. डायल गडद निळी आहे, किल्ली तीनच्या जागी नसून चारच्या आकड्यापाशी, केसमध्ये थोडी आत बसवलेली आहे. वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसतात, आणि वार इंग्रजीत व अरबीत अशा दोन्ही लिप्यांत येतो. मागच्या झाकणावर ७००९ हे आकडे, मग एक आडवी रेघ आणि पुढे आणखी चार आकडे कोरलेले आहेत. त्याशिवाय सहा चिन्हांचा एक वेगळा क्रमांक आहे, त्यातील पहिले चिन्ह ८ आहे आणि दुसरे रोमन लिपीतील एन हे अक्षर आहे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या गावभागातील घराच्या तळमजल्यावर पाणी चढले तेव्हा हे घड्याळ कपाटाच्या खालच्या खणात होते आणि पूर ओसरेपर्यंत ते तिथेच राहिले. नंतर एका कारागिराने ते उघडून वाळवून दिले. आता हलवले की ते चालते, पण काही तासांत थांबते, आणि वार पुढे सरकत नाही. डायलच्या खालच्या भागात तपकिरी डाग पडले आहेत आणि रंगाला बारीक पोपडे आले आहेत. एका दुकानात डायल पुन्हा रंगवून अगदी नव्यासारखी करून देण्याची तयारी दाखवली आहे, आणि आईलाही ते पटले आहे. मी मात्र अजून होकार दिलेला नाही, कारण त्या डायलकडे वडिलांनी इतकी वर्षे पाहिले आहे.

हे घड्याळ कोणत्या वर्षाचे असावे, ते बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास काय आहे, आणि डायल रंगवून घ्यावी की नाही, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.


जुनी_घड्याळे (मिरज)

आपण झाकणावरील क्रमांक नीट वाचून दिले आहेत, त्यामुळे वयाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या मजकुरातच आले आहे. सिकोच्या त्या काळातील घड्याळांवर रेघेआधीचे चार आकडे आतील यंत्राचे असतात आणि रेघेनंतरचे चार केसच्या घडणीचे. आपले यंत्र ७००९ आहे, म्हणजे १७ ज्वेल्सचे (चाकांच्या आसांना आधार देणाऱ्या बारीक खड्यांचे), वार-तारीख दाखवणारे आणि ताशी २१,६०० ठोके देणारे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप भरणारे. सहा चिन्हांच्या क्रमांकात पहिला आकडा हा निर्मितीवर्षाचा शेवटचा अंक असतो, आणि दुसरे चिन्ह महिना सांगते. जानेवारी ते सप्टेंबरसाठी १ ते ९, ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबरसाठी एन आणि डिसेंबरसाठी डी अशी ती पद्धत आहे. त्यानुसार आपले घड्याळ ८ने संपणाऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात तयार झाले. १९६८ साली हे यंत्र अस्तित्वातच नव्हते आणि १९९८पर्यंत त्याची जागा पुढच्या पिढीच्या यंत्राने घेतली होती, म्हणून १९७८ आणि १९८८ हे दोनच पर्याय उरतात. दुर्दैवाने दोन्ही वर्षे आपल्या वडिलांच्या मस्कतच्या वास्तव्यात येतात, त्यामुळे येथून पुढे क्रमांक मदत करणार नाही. १९७९ ते १९८८ या काळातील घरची छायाचित्रे काढा, लग्न-मुंजीची विशेषतः, आणि भिंगाखाली वडिलांचे मनगट पाहा. किल्ली चारपाशी असलेले आणि बाकदार केसचे घड्याळ १९८८च्या आधीच्या एका जरी छायाचित्रात दिसले, तरी प्रश्न सुटेल. अरबी लिपीतील वारामुळे हे घड्याळ आखातातील विक्रीसाठीच तयार झाले होते, या आपल्या माहितीला दुजोरा मिळतो.

आता कुळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण डायलच्या प्रश्नाचे उत्तरही मला त्यातच दिसते.

किंतारो हात्तोरी यांचा जन्म १८६० साली टोकियोत झाला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८८१ साली, त्यांनी घड्याळविक्रीचे आणि दुरुस्तीचे स्वतःचे दुकान काढले. त्या वेळी जपानात चांगली घड्याळे योकोहामाच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून घ्यावी लागत. ठरल्या वेळी पैसे चुकते करणारा माणूस अशी हात्तोरींची ख्याती झाल्यामुळे ते व्यापारी त्यांना माल विश्वासाने देत. सांगलीच्या मार्केट यार्डात पत म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे, त्याला या पायाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. या पतीच्या बळावर १८९२ साली त्यांनी सेइकोशा हा कारखाना सुरू केला आणि त्सुरुहिको योशिकावा या कुशल तंत्रज्ञाच्या साथीने प्रथम भिंतीवरची घड्याळे काढली. १८९५ साली खिशातले घड्याळ आले आणि १९१३ साली लॉरेल हे जपानमध्ये बनलेले पहिले मनगटी घड्याळ आले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोत मोठा भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आगीत हात्तोरींचा कारखाना, दुकान आणि दुरुस्तीसाठी आलेली ग्राहकांची सुमारे १,५०० घड्याळे नष्ट झाली. सगळे शहरच उद्ध्वस्त झालेले असताना कोणीही त्यांच्याकडे भरपाई मागितली नसती. तरीही त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन त्या ग्राहकांना बोलावले आणि प्रत्येकाला हरवलेल्या घड्याळाच्या तोडीचे नवे घड्याळ मोफत दिले. ज्या शहराने २००५चा आणि २०१९चा पूर पाहिला, ज्याच्या बाजारपेठेतील दुकानांत दुसऱ्यांच्या विश्वासाने ठेवलेल्या वस्तू पाण्याखाली गेल्या, त्या शहरातील माणसाला ही घटना वाचताना तिचा खरा अर्थ कळतो, असे मला मनापासून वाटते. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, सिको हे नाव डायलवर प्रथम उमटले. आपल्या घड्याळावर बाराच्या खाली जे नाव आहे, ते असे आगीतून उठलेले नाव आहे.

१९३७ साली मनगटी आणि खिशातल्या घड्याळांसाठी टोकियोतच दाइनी सेइकोशा ही वेगळी कंपनी काढण्यात आली, आणि पुढे नागानो प्रांतात सुवा सेइकोशा उभी राहिली. एकाच घराण्यातील या दोन कंपन्या एकमेकींशी चुरशीने स्पर्धा करत, आणि सिकोच्या १९६०च्या दशकातील प्रगतीचे मोठे श्रेय मी या घरातल्या चुरशीला देतो. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकची वेळनोंद सिकोने केली. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेत दोन्ही कंपन्यांनी घड्याळे पाठवली आणि सुरुवातीला मागे राहूनही थोड्याच वर्षांत त्या स्विस कंपन्यांच्या बरोबरीला पोहोचल्या. आपले ७००९ यंत्र दाइनीच्या घराण्यातील आहे.

सिको फाइव्हची सुरुवात १९६३ साली स्पोर्ट्समॅटिक फाइव्ह या घड्याळाने झाली. नावातील पाच म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली पाच वचने होती. घड्याळ ऑटोमॅटिक असेल, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसतील, पाण्यापासून बचाव असेल, किल्ली चारपाशी आत बसवलेली असेल, आणि केस व पट्टा टिकाऊ असतील. किल्ली चारपाशी नेण्यामागे सरळ विचार आहे. जे घड्याळ रोज हाताने भरावे लागत नाही, त्याची किल्ली मनगटाला बोचण्यासाठी बाहेर कशाला ठेवायची? २५ डिसेंबर १९६९ रोजी याच कंपनीने अॅस्ट्रॉन हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ ४,५०,००० येनला विकायला काढले, जी त्या काळी जपानात एका लहान मोटारीची किंमत होती. ज्या कंपनीने बॅटरीच्या घड्याळांचे युग सुरू केले, तिनेच बॅटरीशिवाय चालणारे साधे, स्वस्त आणि कणखर सिको फाइव्ह पुढेही बनवत ठेवले, हे मला तिच्या इतिहासातील सर्वांत आदरणीय वाटते. आखातात उन्हात बांधकामावर उभ्या राहणाऱ्या फोरमनच्या हातावर शोभेल असेच ते घड्याळ होते.

डायलविषयी माझे मत स्पष्ट आहे. ती रंगवून घेऊ नका. डायल पुन्हा रंगवताना जुना रंग आणि जुनी छपाई पूर्ण खरवडून काढली जाते, धातूची पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर नवा रंग चढवून नवी अक्षरे छापली जातात. ती अक्षरे मूळच्या इतकी रेखीव क्वचितच येतात, आणि डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, यंत्राचा व डायलचा क्रमांक ज्या अतिशय बारीक अक्षरांत छापलेला असतो तो बहुधा कायमचा जातो. जुनी सिको घड्याळे विकत घेणारे जगभरचे लोक आपल्या देशातून गेलेल्या रंगवलेल्या डायली ओळखून बाजूला ठेवतात, ते याच खुणांवरून. आपल्याला घड्याळ विकायचे नाही हे मला समजते. पण ते अस्सल आहे याचा पुरावा त्या डागाळलेल्या पट्टीवरच आहे, आणि तो एकदा खरवडला की परत येत नाही. शक्य असल्यास भिंगातून सहाच्या खालची ओळ वाचून येथे कळवावे.


राजवाडा_परिसर (सातारा)

मी साताऱ्यात अनेक वर्षे घड्याळदुरुस्तीचे काम केले आणि आता दुकान मुलगा पाहतो. मिरजकरांनी इतिहास उत्तम सांगितला आहे. मी कामाचे बोलतो. पहिली गोष्ट म्हणजे हे घड्याळ चालते का ते पाहण्यासाठी पुन्हा हलवू नका. पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नसते, त्यात गाळ असतो. तो वाळून चाकांच्या आसांपाशी बसतो, आणि यंत्र चालवले की त्या आसांना पॉलिश पेपरसारखा घासतो. त्या वेळी कारागिराने घड्याळ वाळवून दिले, ते तातडीचे म्हणून योग्यच होते, पण वाळवणे म्हणजे साफ करणे नव्हे.

तुमच्या घड्याळाला किल्लीने स्प्रिंग भरण्याची सोयच नाही. ७००९मध्ये किल्ली फक्त वेळ, वार आणि तारीख लावण्यासाठी आहे. आत अर्धवर्तुळाकार जड रोटर आहे, मनगट हलले की तो फिरतो आणि त्याची गती एका चाकापर्यंत पोहोचते. त्या चाकावर मध्यबिंदूपासून थोडी बाजूला खुंटी असते, खुंटीवर दोन पायांची एक पातळ पट्टी बसते, आणि तिचे दोन्ही पाय पुढच्या दातेरी चाकाला दोन बाजूंनी धरतात. रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, खुंटी पुढेमागे होते, आणि एक पाय दाते ओढतो तेव्हा दुसरा सरकून पुढचा दाता पकडतो. दातेरी चाक मात्र नेहमी एकाच दिशेने जाते आणि स्प्रिंग भरत राहते. ही रचना सिकोने १९५९ साली आणली आणि तिला मॅजिक लिव्हर असे नाव दिले. तेच काम करण्यासाठी इतर अनेक यंत्रांत उलटसुलट फिरणाऱ्या चाकांची मोठी जुळणी लागते. मी आयुष्यभर कितीतरी प्रकारची यंत्रे उघडली आहेत, पण इतक्या थोड्या भागांत इतके पक्के काम करणारी रचना पाहून आजही समाधान वाटते.

ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंग सतत भरली जात असल्यामुळे तिचे बाहेरचे टोक, ती ज्या गोल डब्यात गुंडाळलेली असते त्याच्या भिंतीला पक्के अडकवलेले नसते. पूर्ण भरल्यावर ते भिंतीवरून घसरते, म्हणून स्प्रिंग तुटत नाही. या घसरणीसाठी भिंतीवर विशिष्ट ग्रीस लागते. ते ग्रीस वाळले किंवा पाण्याने गेले, तर टोक वेळेआधीच घसरते आणि घड्याळ कधीच पूर्ण भरत नाही. तुमचे घड्याळ काही तासांत थांबते, त्याचे पहिले कारण मी येथे शोधेन. दुसरे कारण चाकांमधील घर्षण, आणि तिसरे म्हणजे लिव्हरच्या पायांवरील गंज. वार न सरकण्याचे कारण बहुधा डायलच्या खाली आहे. तेथील लहान स्प्रिंगा आणि पट्ट्या लवकर गंजतात, शिवाय डायलचा सुटलेला रंग आत पडून दात्यांत अडकू शकतो.

सर्व्हिसिंगला देताना या गोष्टी स्पष्ट बोला. यंत्र पूर्ण सुटे करून साफ व्हायला हवे. बाहेरून तेलाचा थेंब सोडून चालू केलेले घड्याळ काही दिवस चालेल आणि आतून झिजत राहील. बॅलन्स व्हील, म्हणजे पुढेमागे झुलून ठोके देणारे चाक, त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला धक्क्यापासून संरक्षण देणारे बारीक खडे असतात, तेही काढून स्वच्छ करून त्यांना वेगळे पातळ तेल द्यावे लागते. त्या चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक हेअर स्प्रिंगवर गंजाचा एक ठिपका जरी दिसला, तरी ती घासून वापरू नये, दुसऱ्या ७००९मधील पूर्ण बॅलन्स बसवावा. हे यंत्र फार मोठ्या संख्येने बनले आहे, त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि यंत्राचा भाग बदलल्याने घड्याळाच्या ओळखीला धक्का लागत नाही असे मी मानतो. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत मागा. केसला मशीनवर पॉलिश मात्र करू देऊ नका. कडा गोल होतात, ब्रशची मूळ रेघ जाते, आणि झाकणावरील ज्या क्रमांकांमुळे आज आपण हे सगळे बोलू शकतो तेही पुसट होतात.


हळदीचे_गाव (सांगली)

मिरजकरांच्या ज्ञानाविषयी आदर बाळगून थोडे वेगळे मत मांडतो. घड्याळ हे वेळ पाहण्यासाठी आणि हातावर घालण्यासाठी असते. माझ्या काकांचे असेच एक घड्याळ आम्ही डायल रंगवून घेऊन घरात वापरात आणले, आणि आज माझा चुलतभाऊ ते रोज घालतो. न रंगवता ते कपाटातच राहिले असते. कृष्णाकाठ यांच्या आईंना ते पुन्हा स्वच्छ दिसावेसे वाटते, हीदेखील लहान गोष्ट नाही. संग्राहक काय म्हणतील याचा विचार घरच्या वस्तूबद्दल किती करावा?


जुनी_घड्याळे (मिरज)

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि आईंच्या इच्छेला तर मी सर्वांत आधी मान देईन. म्हणूनच एक मार्ग सुचवतो. ७००९ यंत्राच्या दुसऱ्या एखाद्या मोडक्या घड्याळातील चांगल्या अवस्थेतील मूळ सिको डायल मिळवता येते. तिच्या मागच्या दोन खुंट्या यंत्रात नीट बसतात आणि खिडकीची जागा जुळते याची कारागिराने आधी खात्री करावी. ती डायल बसवून घड्याळ वापरात आणावे, आणि वडिलांची डायल कोरड्या पुडीत, लहानशा डबीत जपून ठेवावी. उद्या कोणाला मूळ रूप हवे असेल तर ती अर्ध्या तासात परत बसवता येईल. रंगवून घेतल्यावर हा परतीचा रस्ता बंद होतो, माझा विरोध तेवढ्यापुरताच आहे. काटे मात्र शक्यतो मूळचेच ठेवावेत, कारण काट्यांचा आकार हा त्या घड्याळाच्या चेहऱ्याचा मोठा भाग असतो.


विट्याचा_वाचक (विटा)

चर्चा वाचून एक भर घालतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातील पुष्कळ माणसे गलाई, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरली, आणि सुट्टीला गावी येताना त्यांच्या हातावर बहुधा एचएमटी असे. सिको आखातातून येई, एचएमटी आपल्याच देशातून. पण एचएमटीचे मूळही जपानशीच जोडलेले आहे. बंगळूरचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला आणि एचएमटीच्या ऑटोमॅटिक घड्याळांतील यंत्रही सिटिझनच्या रचनेवर आधारलेले होते. या सिटिझनची सुरुवात १९१८ साली टोकियोतील शोकोशा या घड्याळ संशोधन संस्थेतून झाली, आणि योगायोग असा की सिटिझन हे नाव असलेले पहिले खिशातले घड्याळ १९२४ सालीच आले, म्हणजे सिकोचे नाव डायलवर आले त्याच वर्षी. पुढे हैदराबादच्या ऑल्विनने सिकोच्या सहकार्याने घड्याळे काढली. त्यामुळे १९८०च्या दशकात आपल्या जिल्ह्यातील एखाद्या लग्नमंडपात एचएमटी, ऑल्विन आणि मस्कतचे सिको अशी तिन्ही घड्याळे एकत्र आली असतील, तर टोकियोच्या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची ती भेटच म्हणायला हवी.

एचएमटीची घड्याळनिर्मिती बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्या घड्याळांवरही आज हीच वेळ आली आहे. बाजारात चकचकीत दिसणाऱ्या कितीतरी एचएमटी भडक रंगांत नव्याने रंगवलेल्या असतात, आणि मूळ डायल असलेले घड्याळ शोधावे लागते. म्हणून मिरजकरांचे म्हणणे मला एचएमटीच्या बाबतीतही तितकेच खरे वाटते.


कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे आईबरोबर बसून जुने अल्बम पाहिले. थोरल्या आत्याच्या लग्नातील एका छायाचित्रात वडील अक्षता टाकताना उभे आहेत आणि त्यांच्या उचललेल्या हातावर हे घड्याळ स्पष्ट दिसते. छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे डायलचा निळा रंग कळत नाही. तरी केसचा बाक, चारपाशी असलेली किल्ली आणि पट्ट्याच्या कड्यांची घडण भिंगाखाली तंतोतंत जुळते. ते लग्न १९८१ सालचे आहे. वडिलांकडे दुसरे कोणतेही सिको कधी नव्हते, असे आई खात्रीने सांगते. म्हणजे घड्याळ नोव्हेंबर १९७८मध्ये तयार झालेले आहे आणि वडिलांनी ते मस्कतच्या सुरुवातीच्या वर्षांतच घेतले. पहिल्या पगारांतून त्यांनी स्वतःसाठी काहीच घेतले नव्हते असे आम्ही समजत होतो, आणि आईला हे कळल्यावर फार आनंद झाला.

डायलच्या तळाशी भिंगातून पाहिले असता डागाच्या कडेला जपान हा शब्द आणि त्यानंतर ७००९ हे आकडे वाचता येतात, पुढची अक्षरे पोपड्यांत गेली आहेत. ते आकडे दाखवल्यावर आईनेच रंगवण्याचा विचार सोडला. दुसरी डायल शोधण्याचीही तिला आता गरज वाटत नाही. आहे तीच डायल ठेवून फक्त यंत्राचे काम करून घ्यावे, असे आम्ही ठरवले आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. पोपडे आलेली डायल तशीच ठेवली तर रंगाचे कण पुन्हा यंत्रात पडणार नाहीत का? आणि काम झाल्यावर मी हे घड्याळ रोज वापरू शकेन का?


राजवाडा_परिसर (सातारा)

आईंचा निर्णय वाचून समाधान वाटले. पोपड्यांची शंका योग्य आहे. कारागीर डायल काढेल तेव्हा जे कण आधीच सुटलेले आहेत ते मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने काढून टाकायला सांगा. जे अजून चिकटून आहेत त्यांच्या कडांना अतिशय पातळ, रंगहीन लाखेचा सूक्ष्म थर देऊन ते जागेवर बसवता येतात. हे हलक्या हाताचे काम आहे, म्हणून घाई नसलेल्या माणसाकडेच द्या. पाणी, साबण किंवा स्पिरिट डायलला लावू देऊ नका, कारण छपाई त्याच क्षणी पुसली जाऊ शकते. ब्रश फिरवण्याआधी डायलचे जवळून एक छायाचित्र काढून ठेवा.

रोज वापरायला काहीच हरकत नाही. ऑटोमॅटिकला हातावर राहणेच मानवते. मागच्या झाकणाची आणि किल्लीची रबरी रिंग नवी बसवून घ्या, तरीही या वयाच्या घड्याळाला पाण्यापासून सुरक्षित मानू नका आणि हात धुताना, पावसात किंवा शेतात पाणी पाजताना ते काढून ठेवा. दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक पडत असेल, तर या यंत्राच्या दृष्टीने ते चांगले चालले आहे असे समजा. त्याहून अचूक करण्याच्या मागे लागून वारंवार उघडू नका. घड्याळ थांबलेले असेल तर ते आडवे धरून हलकेच डावी-उजवीकडे अर्धा मिनिट झुलवा, जोराने झटकू नका.

वार आणि तारीख लावताना एक काळजी घ्या. किल्ली पहिल्या टप्प्यापर्यंत ओढली की एका दिशेने तारीख आणि दुसऱ्या दिशेने वार बदलतो, पण रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत काटे असताना तसे कधीही करू नका. त्या तासांत वार-तारखेची चाके आपोआप सरकण्यासाठी आधीच एकमेकांत अडकलेली असतात आणि बळजबरी केली तर दाते मोडतात. आधी किल्ली दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढून काटे सकाळच्या सहावर आणा, मग वार-तारीख लावा आणि शेवटी खरी वेळ. वार अरबीत दिसू लागला तर गोंधळू नका, तसाच पुढे फिरवला की इंग्रजी वार येतो.